कोलंबस आणि त्याच्या नावाचा दिवस

शाळेच्या वर्षाला जयंत्या आणि स्मृतिदिन यांनी आकार येतो. त्या दिवशी फळा सजवला जातो, प्रतिमेला पुष्पहार घातला जातो आणि मुले पाठ केलेली भाषणे धिटाईने करतात. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांपैकी एक दिवस समाजाने एका माणसाच्या नावे राखून ठेवावा, याहून मोठा लौकिक सन्मान क्वचितच असेल. म्हणूनच असा दिवस कोणाच्या नावे असावा, आणि एकदा दिलेला सन्मान पुढच्या पिढ्यांनी पुन्हा तपासून पाहावा काय, हे प्रश्न किरकोळ नाहीत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अनेक दशके एका नावावरून हाच वाद चालू आहे. ते नाव ख्रिस्तोफर कोलंबस याचे. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो बहुधा एका ओळीत भेटतो आणि एका ओळीत निरोप घेतो: अमेरिकेचा शोध लावणारा दर्यावर्दी. त्या एका ओळीमागचे आयुष्य आणि त्या आयुष्यामागून आलेला वाद, दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत.

कोलंबसाचा जन्म १४५१ साली इटलीतील जिनोआ या बंदरात झाला. वडील दोमेनिको लोकर विणणारे कारागीर होते. घरची स्थिती बेताची होती. कुलाचे नाव मोठे नाही, गाठीला पैसा नाही, औपचारिक शिक्षणही फारसे नाही, अशा घरातील हा मुलगा कोवळ्या वयातच समुद्रावर गेला. १४७६ साली पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ झालेल्या एका लढाईत त्याचे जहाज बुडाले आणि तो पोहत किनाऱ्याला लागला, असे त्याच्या धाकट्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात आहे. त्यानंतर तो लिस्बनला आला. तेथे त्याचा भाऊ बार्तोलोमेव नकाशे काढण्याचे काम करीत असे. पोर्तुगीज त्या काळात आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत होते. कोलंबसही त्या जहाजांबरोबर गिनीच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आला. तेथे सोन्याचा व्यापार होता, आणि त्याच्याच जोडीला माणसांचा व्यापारही होता. हे दोन्ही व्यापार त्याने डोळ्यांनी पाहिले होते, ही गोष्ट पुढचे समजण्यासाठी ध्यानात ठेवली पाहिजे.

त्याने पुष्कळसे ज्ञान स्वतःच्या कष्टाने मिळवले. मार्को पोलोचे प्रवासवर्णन आणि भूगोलावरील ग्रंथ तो बारकाईने वाचत असे. समासात त्याने केलेली टिपणे असलेली त्याची पुस्तके सेव्हिल येथील ग्रंथालयात आजही जपून ठेवली आहेत. या वाचनातून त्याच्या मनात एक कल्पना रुजली. पश्चिमेकडे जहाज हाकारत गेले तर आशियाचा पूर्व किनारा गाठता येईल आणि मसाल्यांचा व सोन्याचा मार्ग खुला होईल, ही ती कल्पना. त्या वेळी लोक पृथ्वी सपाट समजत होते आणि कोलंबसाने ती गोल असल्याचे सिद्ध केले, ही पुष्कळ ठिकाणी सांगितली जाणारी कथा खरी नाही. पृथ्वी गोल आहे हे तेव्हाच्या सुशिक्षितांना ठाऊक होते. वाद होता तो तिच्या आकारमानाचा. कॅनरी बेटांपासून जपान सुमारे ४,५०० किलोमीटरवर असावे असा कोलंबसाचा हिशेब होता. प्रत्यक्षात ते अंतर त्याच्या चौपटीहून अधिक आहे. पोर्तुगालच्या राजाच्या पंडितांनी त्याची योजना नाकारली, आणि त्यांचे गणित बरोबर होते. मधे एक अज्ञात खंड आडवा आला नसता, तर त्याची जहाजे अन्नपाण्यावाचून समुद्रातच संपली असती.

१४८५ साली तो स्पेनमध्ये आला. राणी इसाबेला आणि राजा फर्डिनंड यांच्या दरबारी त्याने सुमारे सात वर्षे खेटे घातले. नकार ऐकले, उपहास सोसला, पण हेका सोडला नाही. त्याच्या स्वभावातील ही चिकाटी त्याचे कठोर टीकाकारही मान्य करतात. जानेवारी १४९२ मध्ये ग्रॅनडाचे मुस्लीम राज्य स्पेनच्या हाती आले. त्याच वर्षी ज्यूंना देशाबाहेर घालवण्याचा हुकूमही निघाला. विजयाच्या आणि धर्माभिमानाच्या त्या वातावरणात १७ एप्रिल १४९२ रोजी कोलंबसाशी करार झाला. मोहीम यशस्वी झाल्यास महासागराचा नौसेनापती ही पदवी, सापडलेल्या प्रदेशांचे राज्यपालपद आणि मिळकतीचा दहावा हिस्सा त्याला मिळावयाचा होता. हे प्रदेश कोणाचे आहेत, तेथे कोण राहते, हा प्रश्न करार करणाऱ्या कोणालाच पडला नाही.

३ ऑगस्ट १४९२ रोजी सांता मारिया, पिंता आणि नीन्या ही तीन जहाजे सुमारे नव्वद माणसांना घेऊन पालोस बंदरातून निघाली. कॅनरी बेटे सोडल्यावर छत्तीस दिवस चहूकडे पाणीच पाणी होते. खलाशांचा धीर सुटत चालला होता. १२ ऑक्टोबरच्या पहाटेपूर्वी पिंता जहाजावरील रोद्रिगो दे त्रियाना या खलाशाला जमीन दिसली. प्रथम जमीन पाहणाऱ्यास वर्षाला दहा हजार मारावेदी इतके निवृत्तिवेतन देण्याचे राजाराणीने कबूल केले होते. आदल्या रात्री आपण दूरवर एक उजेड पाहिला होता असे सांगून कोलंबसाने ते बक्षीस स्वतःकडे घेतले. घटना लहान आहे, पण तिच्यात माणूस दिसतो.

ते बेट बहामा द्वीपसमूहातले होते. तेथील रहिवासी त्याला ग्वानाहानी म्हणत. कोलंबसाने त्याचे नाव सान साल्वादोर असे ठेवले. तेथील लोक ताइनो समाजाचे होते. ते मका, कंद आणि कापूस पिकवीत, मोठमोठ्या होड्या कोरून बेटांमधून ये-जा करीत. पोपट, सुताच्या गुंड्या आणि फळे घेऊन ते पाहुण्यांच्या स्वागताला आले. आपण इंडीजला, म्हणजे आपल्या पूर्वेकडील प्रदेशाला पोहोचलो, या समजुतीने कोलंबसाने त्यांना इंडियन म्हटले. भारताच्या नावाने एका खंडाचे मूळ रहिवासी पुढे पाचशे वर्षे ओळखले गेले ते या चुकीमुळे. त्याची मूळ रोजनिशी आज उपलब्ध नाही. तिचा विस्तृत सारांश बार्तोलोमे दे लास कासास यांनी करून ठेवला आहे. त्यात पहिल्याच दिवसांच्या नोंदींत हे लोक उदार व सौम्य आहेत, त्यांना शस्त्रे ठाऊक नाहीत, असे कौतुक आहे. त्या कौतुकाच्या अगदी शेजारीच ते चांगले नोकर होतील आणि पन्नास माणसांच्या बळावर त्या सर्वांना अंकित करता येईल, असा हिशेबही आहे. माणसाचा चांगुलपणा पाहून त्याच्याशी मैत्री करावी असे वाटणे आणि त्याच चांगुलपणात आपला नफा दिसणे, या दोन वाटा तेथे फुटल्या होत्या. कोलंबसाने दुसरी धरली.

त्या वर्षीच्या नाताळच्या दिवशी सांता मारिया हे जहाज हिस्पॅनिओला बेटाच्या किनाऱ्याजवळ फुटले. आज त्या बेटावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश आहेत. तेथील ग्वाकानागारी नावाच्या ताइनो प्रमुखाने आपल्या माणसांच्या होड्या पाठवून जहाजावरील सामान किनाऱ्यावर आणवले, ते घरांमध्ये सुरक्षित ठेवले आणि त्यातील काहीही गहाळ होऊ दिले नाही. ही हकीकत खुद्द कोलंबसाच्याच नोंदीतून आपल्याला कळते. फुटलेल्या जहाजाच्या लाकडांतून एक गढी उभारून, तेथे एकोणचाळीस माणसे ठेवून तो स्पेनला परतला. सोबत पकडून नेलेले काही ताइनो होते. दरबारात त्याचे अपूर्व स्वागत झाले. विणकराच्या मुलाला राजाराणीने आपल्यासमोर बसावयास सांगितले. त्याच्या आयुष्याचा तो कळस होता.

सप्टेंबर १४९३ मध्ये तो पुन्हा निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर सतरा जहाजे आणि हजारांहून अधिक माणसे होती. पाहून यावे असा हा प्रवास नव्हता, वसाहत करावी असा होता. मागे ठेवलेली गढी जळून गेलेली आणि तेथील माणसे मारली गेलेली त्याला आढळली. त्या माणसांनी सोन्यासाठी आणि स्त्रियांसाठी आसपासच्या गावांवर जुलूम केला होता. नव्या वसाहतीतही उपासमार आणि रोगराई माजली. सोने अपेक्षेइतके मिळेना, आणि राजाराणीला तर सोन्याची आशा लावून ठेवलेली. मग कोलंबसाने माणसांकडे मोर्चा वळवला. १४९५ साली सुमारे दीड हजार ताइनो स्त्री-पुरुष पकडून आणले गेले. त्यांतील पाचशेच्या आसपास निवडून गुलाम म्हणून विकण्यासाठी स्पेनला रवाना केले. सुमारे दोनशे जण वाटेतच मरण पावले आणि त्यांची प्रेते समुद्रात टाकण्यात आली. उरलेल्यांमधून वसाहतीतील लोकांनी हवे तितके नोकर घेतले आणि बाकीच्यांना जाण्याची मोकळीक दिली. तेव्हा अंगावरची तान्ही मुले तेथेच भुईवर टाकून आया जीव घेऊन पळत सुटल्या, असे त्या मोहिमेतील एका इटालियन माणसानेच लिहून ठेवले आहे. पुन्हा पकडले जाण्याचे भय पोटच्या पोराहून मोठे व्हावे, इतके ते भय होते.

पुढे त्याने खंडणी लावली. सोने सापडणाऱ्या प्रदेशातील चौदा वर्षांवरील प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी एक घुंगरू भरेल इतकी सोन्याची भुकटी द्यावयाची. जेथे सोने नाही तेथे सुमारे अकरा किलो कापूस द्यावयाचा. ज्याने भरणा केला त्याच्या गळ्यात धातूचा बिल्ला अडकवला जाई. बिल्ला नसलेला माणूस शिक्षेस पात्र ठरे. नद्यांच्या वाळूत इतके सोने नव्हतेच. लोक शेती सोडून डोंगरात पळाले, पिके बुडाली आणि दुष्काळ पडला. आपल्याच भूमीवर चालण्यासाठी गळ्यात खूण बांधून हिंडावे लागणे, ही गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसऱ्या सफरीत, १४९८ साली, तो दक्षिण अमेरिकेच्या भूमीला लागला. तो ३० मे रोजी स्पेनहून निघाला, आणि त्याच्या दहाच दिवस आधी वास्को द गामा खऱ्या भारताच्या किनाऱ्याला, कालिकतला, पोहोचला होता. इकडे हिस्पॅनिओलावर कोलंबस बंधूंच्या कारभाराविरुद्ध स्पॅनिश वसाहतवाल्यांनीच बंड पुकारले होते. तक्रारी वाढल्या तेव्हा १५०० साली राजाराणीने फ्रान्सिस्को दे बोबादिया या अधिकाऱ्यास चौकशीसाठी पाठवले. त्याने कोलंबसाला बेड्या घालून स्पेनला धाडले. राजाराणीने त्याला मुक्त केले, पण राज्यपालपद पुन्हा दिले नाही. १५०२ साली निघालेल्या चौथ्या व अखेरच्या सफरीत त्याची जहाजे किड्यांनी पोखरली आणि जमैका बेटावर तो वर्षभर अडकून पडला. बेटावरील लोकांनी अन्न देणे थांबवले, तेव्हा २९ फेब्रुवारी १५०४ रोजी चंद्रग्रहण होणार हे पंचांगावरून जाणून, आपला देव कोपला आहे अशी भीती त्याने त्यांना घातली. चंद्र झाकोळला, लोक घाबरले, अन्न मिळाले. ग्रहणाचे गणित ही मानवी बुद्धीची केवढी सुंदर कमाई. तिचा उपयोग अज्ञान दूर करण्यासाठी होतो की अज्ञानावर पोट भरण्यासाठी, हे विद्या बाळगणाऱ्यावर अवलंबून असते.

२० मे १५०६ रोजी वायादोलिद या गावी तो मरण पावला. आपण आशियालाच पोहोचलो होतो, हा समज त्याने अखेरपर्यंत सोडला नाही. पुढच्याच वर्षी एका जर्मन नकाशाकाराने नव्या खंडाला अमेरिगो व्हेस्पुचीच्या नावावरून अमेरिका हे नाव दिले. त्याने पाहिलेल्या भूमीलाही त्याचे नाव लाभले नाही.

आणि ताइनो? कोलंबस येण्यापूर्वी हिस्पॅनिओलावर किती लोक होते याविषयी विद्वानांत फार मतभेद आहेत. काही जण लाखांत बोलतात, काही त्याहून पुष्कळ अधिक सांगतात. पण १५१४ साली सक्तीच्या मजुरीसाठी माणसे वाटून देताना झालेल्या मोजणीत जेमतेम सव्वीस हजार माणसे उरलेली आढळली, आणि तेव्हा देवीची साथ अजून यावयाची होती. जुलूम, उपासमार, खाणींतील राबणूक आणि नंतर युरोपातून आलेले रोग यांनी एका पिढीत एक समाज मोडून पडला. त्यांच्या भाषेतील हरिकेन आणि कनू हे शब्द मात्र जगभर फिरत राहिले. त्यांच्या रक्ताचे आणि स्मृतीचे वारसदार आजही कॅरिबियन बेटांवर आहेत.

हे सारे घडत असताना कोणालाच काही वाटले नाही, असे नाही. राणी इसाबेलाने १५०० साली गुलाम म्हणून विकलेल्या काही ताइनोंना मुक्त करून परत पाठवण्याचा हुकूम दिला. डिसेंबर १५११ मध्ये सांतो दोमिंगो येथील चर्चमध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस या धर्मोपदेशकाने वसाहतीतील बड्या लोकांना, ही माणसे माणसे नाहीत काय, असा जाब विचारला. लास कासास यांच्या स्वतःच्या हाताखाली ताइनो मजूर होते. १५१४ साली त्यांनी ते सोडून दिले आणि उरलेले दीर्घ आयुष्य या लोकांची बाजू मांडण्यात वेचले. प्रारंभी त्यांनीही एक घोर चूक केली. ताइनोंचे ओझे हलके व्हावे म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणावेत असे त्यांनी सुचवले होते. पुढे त्यांना त्याचा तीव्र पश्चात्ताप झाला आणि तो त्यांनी लिहून ठेवला. एका पीडिताची सुटका दुसऱ्याला जुंपून होत नसते, हे त्यांना उशिरा उमगले. या वाक्याची आठवण पुढे पुन्हा होणार आहे.

माणूस मेला की त्याच्या नावाचे आयुष्य सुरू होते. इंग्लंडपासून स्वतंत्र झालेल्या अमेरिकन राष्ट्राला इंग्रज नसलेला एक पूर्वज हवा होता. तो त्यांना कोलंबसात सापडला. न्यू यॉर्कमधील किंग्ज कॉलेजचे नाव १७८४ साली कोलंबिया झाले ते त्याच्याच नावावरून, आणि १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकर ज्या विद्यापीठात शिकावयास गेले ते हेच. नावे कोठून निघतात आणि कोणाच्या उपयोगी पडतात, याचा नेम नसतो. १८९३ साली शिकागोत कोलंबसाच्या सफरीच्या चारशेव्या वर्षानिमित्त भव्य जागतिक प्रदर्शन भरले. त्याच्याच जोडीने सर्वधर्म परिषद झाली, आणि अनागारिक धर्मपाल व स्वामी विवेकानंद पाश्चात्त्य जगासमोर उभे राहिले, ते त्या व्यासपीठावर.

पण कोलंबसाच्या नावाचा दिवस राष्ट्रीय झाला तो आणखी एका दुःखामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलीतून लक्षावधी गरीब लोक अमेरिकेत आले. ते खाणींत, गोद्यांत, रस्त्यांच्या कामांवर राबले. त्यांना घरे भाड्याने मिळत नसत, त्यांचा धर्म आणि त्यांचा सावळा रंग यांवरून त्यांची हेटाळणी होई. १८९० साली न्यू ऑर्लिन्सच्या पोलीसप्रमुखाचा खून झाला आणि संशय इटालियनांवर आला. न्यायालयात कोणावरही दोष शाबीत झाला नाही. तेव्हा १४ मार्च १८९१ रोजी हजारोंच्या जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांना ठार केले. इटलीशी संबंध ताणले गेले. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी चारशेव्या वर्षाचा उत्सव साजरा करण्याची घोषणा केली. अमेरिकन मुले शाळेत ध्वजापुढे जी प्रतिज्ञा म्हणतात, ती त्या उत्सवासाठीच प्रथम रचली गेली. न्यू यॉर्कमध्ये इटालियनांनी पै-पै जमवून कोलंबसाचा पुतळा उभा केला. या देशाचा आरंभच आमच्या एका माणसाने केला, मग आम्ही येथे परके कसे, असे त्या पुतळ्याच्या आधाराने त्यांना म्हणता येऊ लागले. कोलोरॅडो राज्याने १९०७ साली कोलंबस दिनाची सुट्टी प्रथम कायद्याने दिली. १९३४ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो दिवस देशभर पाळण्याचे आवाहन केले. १९६८ च्या कायद्याने ती केंद्रीय सुट्टी झाली आणि १९७१ पासून ऑक्टोबरचा दुसरा सोमवार कोलंबस दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

ज्यांचे पूर्वज त्या किनाऱ्यावर उभे होते, त्यांना मात्र हा दिवस दरवर्षी जखमेवरची खपली काढणारा वाटत होता. १९७७ साली जिनीव्हा येथे भरलेल्या परिषदेत अमेरिका खंडांतील मूलनिवासींच्या प्रतिनिधींनी या दिवसाचा अर्थच बदलावा अशी मागणी केली. साउथ डकोटा राज्याने १९९० साली कोलंबस दिनाऐवजी नेटिव्ह अमेरिकन दिन पाळण्यास आरंभ केला. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने १९९२ साली मूलनिवासी जन दिन घोषित केला. मिनियापोलिस, सिएटल अशी शहरे २०१४ साली त्या वाटेने गेली. २०२० साली काही शहरांत जमावाने कोलंबसाचे पुतळे पाडले, काही ठिकाणी नगरपालिकांनीच ते हलवले. २०२१ साली राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी एकाच दिवसासाठी दोन घोषणापत्रे काढली, एक कोलंबस दिनाचे आणि एक मूलनिवासी जन दिनाचे. व्हेनेझुएलाने २००२ साली १२ ऑक्टोबरला मूलनिवासींच्या प्रतिकाराचा दिवस म्हटले. स्पेनमध्ये मात्र तोच राष्ट्रीय दिन आहे.

कोलंबसाच्या बाजूने दोन गोष्टी मुख्यतः सांगितल्या जातात. त्याला त्याच्या काळाच्या मापाने मोजावे, ही पहिली. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. रोगजंतूंविषयी त्याला काही ठाऊक नव्हते, आणि पुढे अनेकांनी केलेल्या क्रौर्याचा सगळा बोजा एकट्यावर टाकणे न्यायाचे नव्हे. परंतु राणीचा हुकूम, मोंतेसिनोसचे प्रवचन आणि लास कासास यांचे ग्रंथ हेही त्याच काळाचे आहेत. तान्ही मुले टाकून पळालेल्या त्या आयाही त्याच काळाच्या होत्या. काळाचे माप लावताना त्या काळातील सर्वांना विचारावे लागते, केवळ जहाजावरच्यांना विचारून भागत नाही. दिवस काढून घेतला तर इतिहास पुसला जाईल, ही दुसरी गोष्ट. पण इतिहास पुस्तकांत, अभिलेखागारांत आणि लोकांच्या स्मृतीत राहतो. सुट्टीच्या दिवशी आपण इतिहास शिकण्याहून निराळे काही करतो. कोणासमोर मान लववावी याची निवड करतो. वास्को द गामाच्या आगमनाला १९९८ साली पाचशे वर्षे झाली, तेव्हा तो उत्सव म्हणून साजरा करण्यास आपल्याकडेही विरोध झाला होता. गामा भारतात आला हे कोणी नाकारत नव्हते. प्रश्न हार घालण्याचा होता.

तरीही या वादातील खरी अडचण कोलंबसापाशी नाही. ती न्यू ऑर्लिन्सच्या त्या अकरा मृतांपाशी आहे. इटालियनांना हा दिवस मिळाला तो अपमानातून मान वर करण्यासाठी. त्यांच्या नातवंडांना तो काढून घेणे म्हणजे आजोबांची ओळख हिरावणे वाटते. मूलनिवासींना तोच दिवस आपल्या विनाशाची जयंती वाटते. दोन्ही समाज दुखावलेले, दोघांचेही दुःख खरे, आणि दिवस एकच. येथे लास कासास यांच्या पश्चात्तापाची आठवण होते. एका पीडिताचा सन्मान दुसऱ्या पीडिताच्या छातीवर उभा करता येत नाही, मग तो उभारणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

या पेचातून एक वाट कोलोरॅडो राज्याने काढली. ज्या राज्याने १९०७ साली ही सुट्टी सर्वांत आधी दिली, त्यानेच २०२० साली ती रद्द केली आणि तिच्या जागी ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी फ्रान्सिस काब्रिनी यांचा दिवस ठेवला. काब्रिनीही इटलीच्याच. १८८९ साली त्या अमेरिकेत आल्या, त्या गरीब स्थलांतरितांची सेवा करण्यासाठी. ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी शाळा, रुग्णालये आणि अनाथालये काढली. कोलोरॅडोच्या राजधानीतही, डेन्व्हरमध्ये, त्यांनी खाणकामगारांच्या पोरक्या मुलांसाठी अनाथालय चालवले. १९१७ साली त्यांचे निधन झाले. इटालियनांचा अभिमान कायम राहिला, मूलनिवासींच्या जखमेवर मीठही पडले नाही. सर्वांचे समाधान झाले असे नाही. पण एक समाज आपल्या दिनदर्शिकेकडे नव्या डोळ्यांनी पाहू शकतो आणि जिंकणाऱ्याच्या जागी सांभाळणारीला बसवू शकतो, एवढे तरी त्यातून दिसले.

कोलंबसाचे साहस खोटे नव्हते. अज्ञात समुद्रात छत्तीस दिवस जहाज हाकणे सोपे नाही, आणि विणकराच्या मुलाने राजदरबार हलवावा हेही सोपे नाही. त्याच्या सफरीने जगाचे दोन अर्धे जोडले गेले, हे कोणी अमान्य करीत नाही. हे सर्व मुलांनी शिकावे. त्याबरोबर ग्वाकानागारीने फुटलेल्या जहाजाचे सामान कसे राखले हेही शिकावे, गळ्यातील बिल्ल्याविषयीही शिकावे, आणि न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगाविषयीही. आपल्या शाळेत ज्या ज्या प्रतिमेला हार घातला जातो, त्या प्रत्येक माणसाच्या हाती जेव्हा दुबळा माणूस सापडला, तेव्हा त्याने काय केले, हा प्रश्न एखाद्या मुलाने भाषण संपल्यावर उभे राहून विचारला, तर शिक्षकांनी त्याला खाली बसवू नये. उत्तर द्यावे.